बंदीपुरती गोळी

मित्रांनो, मी एक जुना बीपीचा डबा आहे. खोक्यावर माझं नाव चांगलं लांबलचक छापलं होतं, पण थळच्या कोळीवाड्यात ते घ्यायला कुणाला सवड आहे? इथे तांदूळ ठेवतात तोही डबा, सुईदोरा ठेवतात तोही डबा, आणि रक्तदाब मोजणारा मीही डबाच. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आता येत नाही, कारण त्याहून राग यावा अशा गोष्टी मी पाहिल्या आहेत.

माझं अंग राखाडी, पट्टा निळा, पोटात चार पेन्सिल सेल. काम एकच. पट्टा दंडाला आवळायचा, मग हळूहळू सैल सोडायचा आणि तेवढ्या वेळात रक्त किती जोरानं धडका मारतंय ते टिपून दोन आकडे दाखवायचे. मला खोटं बोलता येत नाही आणि तोंडदेखलं गोडही बोलता येत नाही. चूक मात्र होते. तुम्ही बोललात, हललात, घाईघाईत चहा पिऊन बसलात, तर मी भलताच आकडा दाखवतो. कधी कधी काहीच कळेनासं झालं की नुसतं 'ई' हे इंग्रजी अक्षर दाखवून गप्प बसतो. माझ्याकडे बोलायला एवढंच आहे.

मला या घरी प्रणालीनं आणलं. ती न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघणाऱ्या एका ऑफिसात काम करते. तिचे बाबा विठोबा हे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर काय करायचं, हे सगळं तांडेल ठरवतो आणि पाच खलाशी त्याच्या शब्दावर जीव सोपवतात. सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये, मासेमारीला बंदी असते तेव्हा, गावात तपासणीचं शिबिर झालं आणि विठोबांचा रक्तदाब एकशे अडुसष्ट, एकशे दोन निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर विनिता मॅडमनी रोज एक गोळी दिली आणि बजावलं, "बरं वाटलं तरी ही सोडायची नाही. काही त्रास झाला तर मला येऊन सांगा." प्रणालीनं त्याच आठवड्यात मला विकत घेतलं.

ते पहिले दोन महिने माझे फार लाड झाले. विठोबांची पत्नी नीराबाई रोज सकाळी मला ओट्यावर आणायच्या. विठोबा पाच मिनिटं गप्प बसायचे, हे त्यांच्यासाठी मोठं कठीण काम, आणि मग मी आकडा दाखवायचो. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. नीराबाईंचा चेहरा खुलायचा. शेजारच्या बायका यायच्या, माझ्यापुढे रांग लागायची. मी फुशारलो होतो हे कबूल करतो.

मग नारळी पौर्णिमा आली. बोटीला नवा रंग लागला, समुद्राला नारळ वाहिला आणि त्याच संध्याकाळी विठोबांनी गोळ्यांचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं.

"बंदी सरली, गोली सरली," ते म्हणाले. "आकडा बरा झाला ना? आता दर्याचा वारा हाय मना."

त्यांचं गणित असं होतं. बंदीत माणूस घरी बसतो, सुकट आणि खारवलेले बोंबील खातो, अंग जड होतं, म्हणून बीपी वाढतो. हंगाम सुरू झाला, घाम गळला की तो आपोआप उतरतो. हे खरं आहे की नाही ते बघायचा मार्ग माझ्याकडे होता. पण हंगामात मला कुणी बाहेर काढलंच नाही. बोट किनाऱ्यावर आली की मी कपाटाबाहेर, बोट पाण्यात गेली की मी कपाटात. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, अंधारात. पाच वर्षं हेच चाललं. दर जूनला मी वाढलेला आकडा दाखवायचो, दोन महिने गोळी चालायची, आकडा उतरायचा आणि श्रावणात पाकीट पुन्हा फळीवर जायचं.

खरं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं. नीराबाई हट्ट धरून बसल्या तेव्हा विठोबा कुरकुरत म्हणाले, "ती गोली घेतली न् उठलो का डोला फिरतो. काठावर उभा असताना चक्कर आली तं?"

"तं डाक्टरीनबायला सांगा ना तसा."

"काय सांगू? तांडेलाला चक्कर येतं म्हनून? दवाखान्यात निम्मा कोलीवाडा बसलेला असतो. संध्याकालपर्यंत बंदरभर व्हईल. आजारी तांडेलाच्या बोटीवर कोन खलाशी चढतो, सांग मना."

गोळीनं त्रास होतो हे विठोबांना ठाऊक, गोळी सोडली हे नीराबाईंना ठाऊक, आणि ज्यांना हे कळायला हवं त्या मॅडमना दोन्हीतलं काहीच ठाऊक नाही. मी फळीवर पडल्या पडल्या चडफडायचो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर विठोबा सकाळी डोकं दाबत उठायला लागले. नीराबाईंनी मला दोनदा पुढे केलं, त्यांनी दोनदा ढकललं. बोट निघायच्या दिवशी मग त्या माउलीनं वेगळंच केलं. शिध्याच्या पेटीत तांदळाच्या पिशवीखाली मला ठेवलं आणि माझ्या शेजारी गोळ्यांचं पाकीट. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी समुद्रावर गेलो, तोही चोरासारखा लपून.

दुसऱ्या दिवशी साखर शोधताना विठोबांच्या हाताला मी लागलो. त्यांनी मला उचललं, मागे कुणी बघतंय का ते पाहिलं आणि दात आवळून म्हणाले, "नीराची कामा." मला पुन्हा तांदळाखाली दडपलं. वर मिरच्यांची पिशवी ठेवली. माझं काही चाललं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी केबिनचं दार लोटलं गेलं आणि पेटी उघडली. विठोबा एकटेच होते. चेहरा लाल होता, कपाळावर घाम होता. दीड-दोन किलोमीटर जाळी पाण्यात पसरली होती आणि जाळ्याच्या टोकाला लावलेला बावटा त्यांना आता एकाऐवजी दोन दिसत होता. हे मला कसं कळलं? ते स्वतःशीच पुटपुटत होते, "दोन कसं... एकच लावलाय ना."

त्यांनी एका हातानं कसाबसा पट्टा बांधला आणि बटण दाबलं. मी आवळायला लागलो. पण खाली इंजिन धडधडत होतं. फळ्या थरथरत होत्या, पेटी थरथरत होती, त्यांचा हात थरथरत होता. त्या गोंगाटात मला रक्ताची धडक वेगळी ओळखूच येईना. मी 'ई' दाखवलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा 'ई'.

"तुजा पन भरोसा न्हाय," ते मला म्हणाले.

इतकं लागलं ते मला! मी आतून ओरडत होतो, इंजिन बंद करा, तांडेल, इंजिन बंद करा! पण ते माझ्या तोंडून निघणार कसं? तिसऱ्यांदाही 'ई'च. मला वाटलं, आता मला भिंतीवर आपटणार आणि बाहेर जाऊन बसणार. खलाशांना सांगणार, ऊन लागलं. आणि मग हा माणूस बोटीच्या काठावरून पाण्यात पडणार किंवा झोपेत संपणार, आणि मी पेटीत असणार.

विठोबांनी आपटलं नाही. ते थरथरणाऱ्या फळीकडे बघत राहिले. प्रणाली दर वेळी म्हणायची, बाबा हलू नका, हललात की ते चुकतं. ते आता त्यांच्या ध्यानात आलं. आकडा हवा असेल तर इंजिन बंद करायला लागणार. भर समुद्रात, जाळी पाण्यात असताना इंजिन बंद केलं तर सगळे विचारणार, का? पाच वर्षं जे लपवलं ते पाचही खलाशांसमोर उघडं पडणार. त्यांनी पट्टा सोडायला हात लावला आणि मग तो तसाच ठेवला. माझ्या आयुष्यात मी कुणाला एवढं घाबरलेलं पाहिलं नाही, आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

शेवटी ते उठले, दार उघडलं आणि हाक मारली, "परेश, इंजिन बंद कर."

परेश हा त्यांच्या बहिणीचा मुलगा, बोटीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. तो धावत आला. "काय झाला मामा? इंजिनच्या पंख्यात जाला गेला काय?"

"न्हाय. मना बीपी मोजाचा हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग विठोबांच्या दंडावरचा पट्टा दिसला आणि हसणं थांबलं. इंजिन बंद झालं. बोटीच्या अंगावर पाणी आपटायचा आवाज तेवढा उरला. विठोबा केबिनला पाठ टेकून बसले, पाय फळीवर सरळ टेकवले, हात छातीच्या उंचीवर पेटीवर ठेवला. पाच माणसं भोवती उभी राहून माझ्या खिडकीकडे बघत होती. मी जीव लावून ऐकलं.

दोनशे आठ. एकशे चोवीस.

"परत," विठोबा म्हणाले. पाच मिनिटांनी परत. दोनशे चार, एकशे बावीस.

"हा बरा का वाईट?" परेशनं विचारलं.

"वाईट. लय वाईट. डोल्यासमोर दोन-दोन दिसतं. पाच वर्सांपासून बीपी हाय मना. गोली बंदीपुरती घेतो, हंगामात सोडतो. तुमाला सांगितला न्हाय."

परेश जाळ्यांकडे बघायला लागला. "जाली वडून निघू?"

"तीन तास जातील. जाली तशीच ऱ्हाऊ दे, बावटा हाय. सुकाणू तू घे."

मग त्यांनी वायरलेस उचलला. वायरलेसवर एकाशी बोललेलं सगळ्या बोटी ऐकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जवळपास रावजी तांडेलांची बोट होती. रावजी म्हणजे बंदरावर त्यांच्याशी सगळ्यात जास्त चढाओढ करणारा माणूस. विठोबांनी त्यांनाच हाक दिली आणि सरळ सांगितलं, "मना बीपी झायलाय, दोनशेच्या वर गेलाय. मी माघारी चाल्लोय. माजी जाली पान्यात हायत."

मग रावजींचा आवाज आला. "जा तू. जाली मी वडतो."

किनारा सहा तासांवर होता. परेशनं पेटीतलं गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. विठोबांनी तीन गोळ्या फोडून तळहातावर घेतल्या.

"घेऊन टाक मामा," एक खलाशी म्हणाला. "तीन घेतल्या तं लवकर उतरंल."

विठोबांनी हात तोंडाजवळ नेला. मला गोळ्यांतलं काही कळत नाही, पण मला भीती वाटली. त्यांनाही वाटली असावी, कारण हात तिथेच थांबला. "न इचारता सोडली, म्हनून ह्यो दिवस आला," ते म्हणाले. "आता न इचारताच घेव? रेंज येऊ दे." आणि मूठ मिटून बसले.

मित्रांनो, तो वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. दर अर्ध्या तासानं परेश मिनिटभर इंजिन बंद करायचा आणि मी मोजायचो. दोनशे सहा. दोनशे दहा. एकशे अठ्ठ्याण्णव. माझे सेल अशक्त व्हायला लागले होते, खिडकीतले आकडे फिके पडत होते. मी मध्येच बंद पडलो तर? एक खलाशी मोबाइल डोक्यावर धरून बोटीच्या टोकाला उभा होता. साडेतीन तासांनी लांबवर खांदेरीचा दीपस्तंभ दिसायला लागला आणि तो ओरडला, "आली! रेंज आली!"

परेशनं घरी फोन लावला आणि प्रणालीनं दोन मिनिटांत विनिता मॅडमना फोनवर जोडून दिलं. मॅडमनी रागावण्यात वेळ घालवला नाही.

"दोन्ही हात समोर उचला. परेश, एखादा हात खाली येतोय का?"

"न्हाय मॅडम."

"आता त्यांना हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडं होतंय का बघा."

सगळ्या बंदरात कडक म्हणून नाव असलेले तांडेल हसले, आणि पाच खलाशी अगदी वाकून त्यांचं हसू तपासायला लागले. एरवी मलाही हसू आलं असतं.

"सरळ हाय, मॅडम. तीन गोल्या एकदम दिल्या तं चालंल?"

"तीन गोळ्या अजिबात नकोत. दाब एकदम कोसळला तर मेंदूला धोका. रोजची एकच घ्या. बसून राहा. घरी जायचं नाही, थेट दवाखान्यात या. ॲम्ब्युलन्स धक्क्यावर पाठवते."

दोन गोळ्या पाकिटात परत गेल्या. एक पोटात गेली.

धक्क्यावर नीराबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग परेशच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. दवाखान्यात कळलं की विठोबांच्या उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. आणखी एक-दोन दिवस तसेच गेले असते तर डोळ्यावर भागलं नसतं, मेंदूवर गेलं असतं. चार दिवसांनी दाब ताब्यात आला तेव्हा मॅडम त्यांच्या खाटेजवळ बसल्या.

"काका, गोळी का सोडायचात?"

विठोबांनी चकरेचं सांगितलं. खलाशांचं सांगितलं.

"चक्कर येते एवढं जरी मला कळलं असतं तरी मी गोळी बदलली असती, नाहीतर रात्री झोपताना घ्यायला सांगितली असती. मला कसं कळणार?"

"आमी लय इचारला तं डाक्टर लोकांना राग येतो ना."

"येऊ दे की," मॅडम म्हणाल्या. "तरी विचारायचं. शरीर तुमचं आहे."

सहा आठवडे विठोबा किनाऱ्यावर होते. बोट परेश नेत होता. एक खलाशी दुसऱ्या बोटीवर निघून गेला, म्हणजे विठोबांची भीती अगदीच खोटी नव्हती. चौघे राहिले. मला नवे सेल मिळाले. विठोबा सकाळ-संध्याकाळ स्वतः पट्टा बांधत आणि प्रणालीच्या जुन्या वहीत आकडा लिहीत. शेजारी प्रश्नही लिहीत. लघवीची तपासणी कशासाठी? सुकट बंद म्हणजे किती बंद? गोळी एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? मॅडमसमोर वही उघडायचे आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठायचे नाहीत. नव्या गोळीनं चक्कर येत नव्हती. डोळा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. उजव्या बाजूला अजून थोडं धुकं दिसतं, आणि ते त्यांना जन्मभर दिसणार आहे. त्याचं मला दुःख आहे, कारण ते टळण्यासारखं होतं. पाच वर्षं मी त्याच घरात होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल, किंवा तुमच्या गावच्या दवाखान्यात असेल. आम्ही आकडा दाखवू शकतो. तुमच्याऐवजी डॉक्टरांपुढे जाऊन बोलू शकत नाही. कुठली गोळी सोसत नाही, कुठली सोडली, कशाची भीती वाटते, हे सांगणं तुमच्याच वाट्याचं काम आहे. घरातल्या मोठ्यांना लाज वाटत असेल तर त्यांच्याबरोबर तुम्ही जा आणि त्यांना विचारायला लावा. मला कपाटातून काढा म्हणून मी विनवतो, पण मला नुसतं बाहेर काढून भागत नाही.

विठोबा पुन्हा समुद्रावर जाणार होते त्याच्या आदल्या सकाळी रावजी तांडेल ओट्यावर आले. इकडचं तिकडचं बोलले, जाळ्यांचं बोलले, चहाला नको म्हणाले. मग बाही वर सरकवली आणि भलतीकडेच बघत हात पुढे केला.

"मोज जरा. आकडा हलूच सांग."

मी आवळलं, ऐकलं, दाखवलं.

"एकशे ब्याण्णव!" विठोबा असे ओरडले की पलीकडच्या ओट्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"हलू सांग बोललो ना!"

"मी अख्ख्या दर्याला सांगितला, तवा वाचलो. चल, चपला घाल. मॅडम दहाला येतात."

रावजींनी रागानं पट्टा सोडला आणि बाही खाली ओढली. मग त्यांनी चपला घातल्या.